भोपळ्यावरचा आळ

मित्रांनो, मी एक जुना, वाळका भोपळा आहे. पोटातला गर काढून, उन्हात सुकवून, काठाला पांढऱ्या धातूची पट्टी ठोकून झुल्मीराच्या नवऱ्याने मला घरात आणले. माझ्यात येरबाची पत्ती आणि गरम पाणी घालायचे आणि एकाच नळीने घरादाराने आळीपाळीने तो कडू काढा ओढायचा, ही आमच्या ब्राझीलमधल्या परानाकडची रीत. नळी पुसून घेतली तर देणाऱ्याचा अपमान होतो.

तेव्हा माझे फार कौतुक होते. मग झुल्मीराचा नवरा ऐन तारुण्यात कॅन्सरने गेला. पाठोपाठ मुलगा ओस्मार. मिसरूड फुटत होते त्याला, आणि मांडीच्या हाडात गाठ. शेजारणी कुजबुजल्या, सगळे एकाच भोपळ्यातून पितात ना! झुल्मीराने मला उचलून कपाटावर टाकले, प्रत्येकाला वेगळा पेला आणला, आणि पीडा गेली म्हणून चर्चमध्ये मेणबत्ती लावून आली.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी झुल्मीराच्या लेकीला, नेईदेला, बजावले होते की हा आजार उष्ट्यातून येत नाही. तो होण्याचा धोका तुमच्या रक्तातून पिढ्यान्‌पिढ्या उतरतो आहे. सगळ्यांचे रक्त तपासा, मुलांवर नजर ठेवा. नेईदे तयार होती. पण झुल्मीरा म्हणाली, "रक्त कशाला? रोगाचं भांडं मी केव्हाच बंद केलंय. माझ्या नातींच्या नावाला रोग चिकटला, तर त्यांना करून घेणार कोण?" आईपुढे नेईदे गप्प बसली. ती नेहमीच बसते.

पुढे नेईदेच्या थोरलीचा, जुसाराचा, गुडघा दुखू लागला. खेळून दुखतो, उंची वाढतेय म्हणून दुखतो, असे म्हणत आजीने हिवाळाभर तेल चोळले. मी वरून पाहत होतो. भोपळ्याला तोंड असते, जीभ नसते. डॉक्टरकडे नेईपर्यंत गाठ फुप्फुसात पोचली होती. पाय कापावा लागला.

परवा जुसाराने धाकट्या तायीसला स्टुलावर चढवून मला खाली काढले. धूळ धुतली, काढा भरला, स्वतः घोट घेतला आणि नळी आजीपुढे धरली. आजीचे हात मांडीवरून हलले नाहीत.

"घाबरतेस?" जुसारा म्हणाली. "अगं आजी, मी जन्मले तेव्हा हा कपाटावरच होता. मी आज पहिल्यांदा प्यायले यातून."

जुसाराने नळी तशीच पुढे धरून ठेवली.

"उद्या आई तायीसला रक्त तपासायला नेतेय. आता तरी मध्ये पडू नकोस."

मित्रांनो, दोष द्यायला घरात भांडी पुष्कळ मिळतात. आम्ही तो सोसतो, फुटेपर्यंत सोसतो. पण पोराचे हाड दुखत राहिले तर आधी डॉक्टरकडे न्या. आमच्यावर आळ घ्यायला नंतरही वेळ असतो.