फोंड्याच्या घाटात लागेना ब्रेक

शाहू महाराजांच्या अमदानीत कोल्हापुरात सायकल म्हणजे केवढा रुबाब! टांगे दुरुस्त करणाऱ्या निसारनं कुणा साहेबाची मोडकी सायकल घेतली, नीट केली आणि जिगरी दोस्त गुंडूला मागं बसवून थेट देवगडचा समुद्र बघायला निघाला. हौसेला मोल नव्हतं. पुढच्या चाकावर वरून दाबायच्या ब्रेकचं रबर तेवढं झिजलं होतं. गुंडू चपला करणारा, त्यानं त्या जागी जाडजूड चामडं बसवून दिलं.

दाजीपूरपर्यंत दोघं गप्पा हाणत मजेत आले. फोंडा घाटाचा उतार लागला, निसारनं ब्रेक दाबला आणि सायकल उलट जास्तच पळायला लागली.

"गुंड्या, चामड्याला काय लावलंस रं?"

"करंजाचं त्याल! चांगलं मुरवलंय. चपलंला घालतो की आपण, तसंच. मऊ हाय न्हवं?"

 मऊ कसलं, लोणी झालं होतं मेलं! चाकाला जखडलेलं पायडल असं गरगरायला लागलं, की पाय वर उचलून धरावे लागले. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी. पहिलं वळण कसंबसं निघालं. पुढचं त्याहून आवळ होतं.

उडी टाकावी. एकटा तरी वाचशील. मागं गुंडू होता, त्याच्या घरी तान्ही पोर होती, हे सगळं ठाऊक असून निसारच्या मनात तेवढंच घुमत होतं. टाक उडी, टाक!

"या अल्ला! गुंड्या, ब्रेक लागंना!"

"आयला!" गुंडूनं दोन्ही टाचा रस्त्यात रोवल्या. चपला खरडल्या, तुटल्या, मागं राहिल्या. मग उघडे पाय घासत गेले. गुंडू गुरासारखा ओरडत होता, पण पाय काही उचलले नाहीत. पुढचं चाक कडेच्या दगडाला थडकलं आणि सायकल थांबली. पलीकडं नुसती दरी.

दोघं धुरळ्यात बसले. गुंडूच्या तळव्यांची सालटी निघाली होती, तरी त्यानं निसारच्या गळ्यात हात टाकला. "उडी टाकून वाचला असतास लेका. माझ्यासाठनं थांबलास."

 निसारला रडू फुटलं. "उडीच टाकणार हुतो, गुंडू. भ्यानं हँडलवरनं हातच सुटलं न्हाईत."

 गळ्यातला हात गुंडूनं काढला नाही.

"मग भ्यालास त्येच बरं झालं की."