व्याह्यांचे टायर

तोगजानने मागच्या भिंतीशी रचलेले ते रुंद टायर उचलले असते, तर ओराझालीचा चहूबाजूंनी फायदा होता. कित्येक वर्षं अडलेली जागा मोकळी झाली असती. ज्या मालाकडे गिऱ्हाईक ढुंकून बघत नव्हतं, तो माल 'मामाने भाचीला दिला' अशा थाटात दुकानाबाहेर पडला असता. कारागंदातल्या सगळ्या नात्यागोत्यात चार दिवस ओराझालीच्या दिलदारपणाची चर्चा झाली असती. आणि मुख्य म्हणजे भाचीच्या तीन मागण्यांपैकी आणखी एक मागणी डोक्यावरून उतरली असती.

कझाकांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे बहिणीच्या पोरांनी मामाकडे आयुष्यात तीनदा काहीही मागावं आणि मामाने नाही म्हणू नये, हे ओराझालीने ठरवलेलं नव्हतं. त्याच्या बापाने ठरवलेलं नव्हतं, आज्यानेही नव्हतं. त्याला विचारलं असतं तर त्याने आकडा एकवर आणला असता. पहिली मागणी तोगजानने सातव्या वर्षी केली होती. पाहुण्यांनी भरलेल्या यर्टमध्ये, लोकरी तंबूत, तिने मामाच्या सगळ्यात देखण्या शिंगराच्या मानेला मिठी मारली, आणि मामाला हसत हसत दोरी सोडावी लागली. ते हसू त्याला अजून दुखत होतं.

आता ती एकतीस वर्षांची होती. कोळशाच्या खाणीत मोजणीची इंजिनिअर होती, आणि उन्हाळ्यात तिने एका बुडालेल्या बिल्डरची गाडी विकत घेतली होती. गाडी गडद हिरवी, जमिनीला टेकलेली, पावणेसहाशे घोड्यांच्या ताकदीची. थोरला भाऊ म्हणाला, बर्फ पडायच्या आत विकून टाक आणि जीप घे. ती म्हणाली, नाही विकणार.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती दुकानात शिरली तेव्हा ओराझाली दोन कारागिरांबरोबर चहा पीत होता. मामी रायखान किटलीपाशी होती.

"आलीस? बस," ओराझाली म्हणाला. "मी म्हटलंच, जमीन गोठली की भाचीला मामा आठवणार."

"आठवण तुमची रोजच येते, मामा. काम आज पडलं."

"मग बोल. चार टायर ना? तुझ्या त्या राक्षसिणीला शोभतील असे ठेवलेत मी." त्याने भिंतीकडे हात केला. काळ्या चकचकीत वीस इंची रिमांवर चढवलेले ते रुंद टायर त्याने सकाळीच तेल लावून पुसून घेतले होते. "रस्त्यावरची पोरं माना मोडून बघतील."

"मला पोरं नकोत बघायला. गाडी थांबायला हवी."

कारागीर हसले. ओराझालीला ते हसणं आवडलं नाही, आणि ज्याला हसणं आवडत नाही तो माणूस मोठेपणा दाखवायला जातो. कप खाली ठेवून तो सगळ्यांदेखत म्हणाला, "तुझ्या आईच्या दुधाची शपथ, आज या दुकानात ज्यावर हात ठेवशील ते तुझं. फुकट. मागितलंस आणि मामाने दिलं."

रायखानने किटली वर धरली ती धरलीच. तिने नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू त्याने आपलीच टोपी चुलीत टाकली होती. ओराझालीचा हिशेब पक्का होता. तरुण पोरगी, वेगवान गाडी, झगमगीत चाकं; हात दुसरीकडे जाणारच नाही.

पोरीने खिशातून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला. मिठाईच्या खोक्याचा होता, कडा नीट कातरलेल्या.

"हे काय?"

"माझ्या ब्रेकचं माप. माझ्या गाडीचे ब्रेक थाळीएवढे आहेत. अठरा इंची रिम त्यावर बसत नाही, मी घासून पाहिलं. एकोणीसची बसते. वीसचीही बसते, पण मग टायर उरतो कातडीएवढा. खड्ड्यात आपटला की फाटला. मला लहान रिम हवी, उंच टायर हवा आणि अरुंद हवा."

"अरुंद?" मोठा कारागीर बोलून गेला. "एवढ्या ताकदीला?"

"रुंद टायर बर्फावर तरंगतो, काका. अरुंद खाली रुततो."

"खिळेवाले घे मग," ओराझाली म्हणाला.

"अस्तानाचा निम्मा रस्ता वारा झाडून ठेवतो. कोरडं डांबर. हे इंजिन खिळे नववर्षाच्या आत उपटून फेकेल. मला मऊ रबराचे हवेत, चिकटे. शून्याखाली तीस झालं तरी बोटाने दबतील असे."

असं म्हणून ती भिंतीपाशी गेली आणि रुंद टायरच्या खाचेत तिने अंगठ्याचं नख रोवलं. नख गेलं नाही. मग ती खाली वाकून टायरच्या बाजूवर काहीतरी शोधू लागली, पण मामा चटकन मध्ये आला.

"हात लावून काय कळतं? चालवून बघ. रिमांसकट तयार आहेत, दहा मिनिटांत चढवतो. एक फेरी मार, मग बोल."

इथे त्याचा दुसरा हिशेब होता. एकदा चढवलेली चाकं कुणी उतरवत नाही.

दहा मिनिटांनी मामा-भाची जुन्या खाणीच्या ढिगाऱ्यामागच्या मोकळ्या आवारात होती. तिथे पाणी साचून बर्फाची काच झाली होती. शेजारी बसलेल्या ओराझालीचे गुडघे छातीला लागत होते.

"चाळीसवर नेते," तोगजान म्हणाली. "त्या पिंपापाशी ब्रेक. थांबायला हवी त्या खांबाच्या आत."

"खांबाच्या आत काय, पिंपापाशीच थांबेल."

पिंप गेलं. ब्रेक दाबल्यावर पायाखाली नुसती खडखड झाली. खांब आला, बाजूने सावकाश निघून गेला, जसा फलाटावरचा ओळखीचा माणूस निघून जातो. ओराझालीने दोन्ही पायांनी नसलेला ब्रेक दाबला. गाडी बर्फाच्या बांधात नाक खुपसून थांबली आणि त्याची टोपी डोळ्यांवर आली.

तोगजानने इंजिन बंद केलं. आवाज चढवला नाही.

"मागच्या सीटवर आई असते, मामा."

ओराझाली टोपी सरळ करत राहिला.

"गेल्या हिवाळ्यात बुरानचं हिमवादळ सुटलं आणि बस दोनदा वाटेत अडकली. डोळ्यातली दोन इंजेक्शनं चुकली, डावा डोळा गेला. उजव्यासाठी या हिवाळ्यात अस्तानाला पाच गुरुवार आहेत. त्यातला एकही चुकवायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले. दादा म्हणतो, या गाडीने नेऊ नकोस. मी म्हटलं, पहिल्या गुरुवारी गाडी घसरली तर चावी तुझ्या हातात देईन. पण मी ती घसरू देणार नाही."

कुल्याश ओराझालीची सख्खी थोरली बहीण. डोळ्याचं त्याला ठाऊक होतं, जसं आपल्याला पुष्कळ गोष्टी ठाऊक असतात आणि आपण टायर पुसत असतो.

"चल मागे," तो म्हणाला.

दुकानात परत आल्यावर तोगजान बाकीचा माल चाचपत आतल्या खोलीपर्यंत गेली. तिथे लोकरीच्या चादरीखाली चार चाकं झाकलेली होती. तिने चादर काढली. एकोणीस इंची रिम, अरुंद आणि उंच, या वर्षीचेच मऊ रबर. पुठ्ठा आत धरून पाहिला, बोल्टची भोकं मोजली, नख रोवलं. नख रुतलं. मग तिने वरच्या चाकावर पंजा ठेवला.

"हे."

"ते नाही!" ओराझाली दारातच अडखळला. "ते व्याह्यांचे आहेत. शनिवारी कोकेन व्याही बाल्खाशहून येतायत ते बसवून घ्यायला. त्यांची गाडी तुझ्या गाडीच्याच कंपनीची आहे."

"पैसे दिलेत त्यांनी?"

"व्याह्यांकडून पैसे घेतो का मी! मुलगी दिलीय त्यांनी आपल्या घरात!"

"म्हणजे अजून तुमचेच आहेत."

"तोगजान, ऐक ना. शब्द दिलाय मी."

"मलाही दिलात. आईच्या दुधाची शपथ घेऊन."

ओराझालीने कारागिरांकडे पाहिलं. मोठा कारागीर छताकडे बघत होता, धाकट्याला अचानक पाना सापडेनासा झाला होता. मग त्याने बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे कशाला बघता?" रायखान म्हणाली. "मी बोलले होते का? व्याही रागावले तर एक मेंढी कापून समजूत घालता येईल. तुमच्या बहिणीच्या डोळ्याची समजूत कशी घालणार?"

ओराझाली स्वतःच खाली बसला, जॅक ओढला आणि कारागिरांना बाजूला सारून चारही चाकं त्याने आपल्या हातांनी चढवली. प्रत्येक बोल्ट दोनदा आवळला. त्याच पिंपापाशी, त्याच बर्फावर पुन्हा ब्रेक दाबला, तेव्हा गाडी खांबाच्या दोन पावलं आत थांबली. ओराझाली खाली उतरला आणि ती दोन पावलं त्याने मोजून पाहिली.

"या टायरवर एकशे नव्वदच्या वर जायचं नाही," तो म्हणाला.

"मी शंभरच्या वर जाणार नाही, मामा."

"मग पावणेसहाशे घोडे कशाला?"

"ट्रकला मागे टाकायला. ट्रकच्या मागे राहिलं की बर्फाच्या धुळीत काही दिसत नाही."

व्याह्यांसाठी तसाच संच सगळ्या शहरात एकाच माणसाकडे होता. तो म्हणजे रस्त्यापलीकडचा युगाय, ज्याला ओराझाली नऊ वर्षं 'पंक्चरवाला' म्हणत आला होता. शुक्रवारी सकाळी ओराझालीने तो रस्ता ओलांडला. युगायने त्याला खुर्ची दिली, चहा दिला, तब्येतीची चौकशी केली. एका तेंगेची सूट दिली नाही.

पाचही गुरुवार झाले. जानेवारीतल्या गुरुवारी दुपारपासून रस्ता बंद करणार होते. तोगजान पहाटे पाचला निघाली आणि बांबू आडवा पडायच्या आत नाका ओलांडून गेली. फेब्रुवारीत परतताना एक ट्रक पुढ्यात आडवा झाला. ती त्याच्यापासून मेंढीच्या लांबीवर थांबली. मागे कुल्याश झोपली होती, तिला उठवलंही नाही. चावी दादाने मागितली नाही.

मार्चमध्ये नवरोजच्या सणाला सगळे ओराझालीकडे जमले. ते रुंद टायर पडवीत हलवलेले होते, पोरं त्यांवर बसून तळलेले बाउरसाक खात होती. काठी टेकत कुल्याश आत येताना तिथे थबकली. तिने एका पोराला उठवलं, मान तिरकी केली, आणि उजव्या डोळ्याने टायरच्या बाजूवर कोरलेले चिमुकले चार आकडे खड्या आवाजात वाचले. आधी आठवडा, मग साल.

"अरे ओराझाली! हे तर सात वर्षांचे! हे देत होतास माझ्या पोरीला?"

व्याही कोकेन असे हसायला लागले की त्यांच्या वाटीतलं नवरोजचं पेय सांडलं. ओराझालीचे कान तांबडे झाले, पण तो बहिणीकडेच बघत होता. तिळाएवढे आकडे तिने उभ्याउभ्या वाचले होते.

"अजून एकदा वाच, आपा," तो म्हणाला.

तिने वाचले.

तेव्हा एकूण जमाखर्च असा झाला. व्याह्यांना टायर मिळाले, पाहुण्याच्या मानाचं मेंढीचं डोकं मिळालं आणि वर्षभर सांगायला गोष्ट मिळाली. त्यांनी काही दिलं नाही. युगायला पूर्ण किंमत मिळाली. कुल्याशचा उजवा डोळा राहिला. तोगजानची एक मागणी खर्ची पडली आणि एक अजून शिल्लक आहे. ती दुकानात आली की ओराझाली आता बोलण्याआधी चहाचा घोट घेतो. बाकी सगळं त्याने भरलं. चार टायर, चार रिम, एक मेंढी, युगायच्या दारची पायरी, आणि भरल्या पडवीत उतरलेली अब्रू. त्याबद्दल त्याने आजवर कुणाकडे तक्रार केलेली नाही.