गाडीसमोरची ओसरी

आर्किटेक्टचं नाव ताईने पहिल्याच भेटीत ‘मातीमहाराज’ ठेवलं होतं. मातीशिवाय त्याच्या तोंडात दुसरा शब्द नव्हता, आणि बोटांना मात्र ती कधी लागलेली दिसली नव्हती. गावातली जुनी घरं त्याने म्हणे महिनाभर अभ्यासली. कोनाडे मोजले, उंबरे मोजले, उतरत्या छपरांचे फोटो काढले. त्या घरांत राहणाऱ्या माणसांना चार शब्द विचारणं तेवढं राहून गेलं.

घर हवं होतं बाबांसाठी. त्यांना दमा, शहराचा धूर सोसत नव्हता. सोबत कायमची राहणार होती ताई. दादा-वहिनी सुट्टीला येणार, पाहुणे घेऊन. त्यामुळे घर कसं असावं, हे अर्थातच दादा-वहिनींनी ठरवलं होतं.

आज जागेवर चुन्याच्या फक्कीने नकाशा आखला होता. पश्चिमेला, रस्त्याकडे तोंड करून, लांब ओसरी. ताईने गावाकडे नजर टाकली. एकूण एक घराने पश्चिमेला पाठ केलेली. त्या बाजूला नुसती भिंत, झरोकासुद्धा नाही.

“यांच्या ओसऱ्या पूर्वेला आहेत. आपली इकडे कशी?”

“फाटक इकडे आहे ना!” मातीमहाराज खुलले. “जुनं घर तसंच्या तसं घेतलं, फक्त आरशात दिसावं तसं फिरवलं. गाडीतून उतरलात की समोर ओसरी. घर पाहुण्याला मिठी मारतं.”

“किती गोड!” वहिनी म्हणाली.

“पण त्यांनी पश्चिमेला पाठ का केली असेल?”

“परंपरा असते, ताई. प्रत्येक गोष्टीला कारण शोधायचं नसतं.”

महिनाभर भिंत मोजून ती कशासाठी आहे हे ज्याला कळलं नाही, त्याच्याशी वाद म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ताई एवढंच म्हणाली, “डबे आणलेत, जेवूनच निघू.”

बाबांची घडीची खुर्ची ओसरीच्या रेघांत मांडली. जेवणं होईतो दुपार कलली आणि पश्चिमेकडून वारा सुटला. साधासुधा नव्हे; फक्की, धूळ, वाळका पाला सगळं घेऊन आला. बाबांना खोकल्याची उबळ आली. कोणी हात द्यायच्या आत ते उठले, खुर्ची ओढत मागे गेले आणि विटांच्या थप्पीआड बसले.

“अहो बाबा, तिथे संडास आखलाय!” वहिनी ओरडली.

“असू दे. श्वास तर घेता येतोय.”

मातीमहाराजांच्या अंगाला आता कुठे माती लागली होती. “असा वारा काय रोज असतो?” ते डोळे चोळत म्हणाले.

“त्या भिंती रोजच्याच आहेत,” ताई म्हणाली. तिने त्यांच्या हातातला ट्रेसिंग पेपर घेतला, पान उलटावं तसा उलटा केला आणि उन्हाकडे धरला. रेघा आरपार दिसत होत्या. “हे घ्या. ओसरी पूर्वेला. गावात आहे तसं.”

“म्हणजे गाडी लावायची ती घराच्या पाठीमागे?” वहिनी म्हणाली. “पाहुण्यांना काय, भिंत दाखवायची?”

“गाडीला दमा नाही, वहिनी.”

दादाने विटांच्या आड वाकून बसलेल्या बाबांकडे पाहिलं. नकाशावरून त्याची नजर आज प्रथमच हलली होती. “उलटं करा,” तो हळूच म्हणाला.

मातीमहाराजांनी क्षणात सूर बदलला. “खरं म्हणजे माझ्या मनात पहिल्यापासून हेच होतं. घराने वाऱ्याचं ऐकायला हवं...”

ताई बाबांची शाल सारखी करायला गेली.

“काय म्हणतोय गं तो?”

“काही नाही, बाबा. वाराच आहे.”