गठ्ठ्यावरचे मोर

निवृत्तीनंतर माणसं काशीला जातात. आमचे यजमान अण्णासाहेब दिल्लीजवळ मानेसरच्या पलीकडे सहा गाई घेऊन बसले. रोज सकाळी मोरांना ज्वारी टाकायची, एवढाच त्यांचा दानधर्म. तीही मुरघासाच्या, म्हणजे प्लॅस्टिकमध्ये हवाबंद मुरवलेल्या चाऱ्याच्या, गठ्ठ्यांपाशी, कारण व्हरांड्यातल्या खुर्चीतून तिथले मोर छान दिसत.

जयदीप जानेवारीत आमच्याकडे आला. मूळचा परभणीकडचा, तिशी ओलांडलेला, दिल्लीत राहून पाच वेळा यूपीएससी दिलेला. ठरलं असं की राहायला खोली, दोन वेळचं जेवण, गाईंचं सगळं त्याने बघायचं आणि दुपारी चार तास अभ्यास करायचा. मे महिन्यात शेवटचा प्रयत्न होता. परीक्षेच्या दिवशी अण्णासाहेब स्वतः गाडीने सोडणार, असा शब्दही दिला होता.

गठ्ठा उघडावा तर त्याने. प्लॅस्टिक वरून बेताने कापायचा, आत गुंडाळलेल्या जाळीचं टोक शोधून ती सबंध उलगडायचा आणि जमिनीवर पसरून बघायचा, की तिचा तुकडा चाऱ्यात राहून गाईच्या पोटात जायला नको. मग बुरशीचा थर हाताने खरवडून बाजूला काढायचा. दर गठ्ठ्याला दोन पाट्या बुरशी निघे.

अण्णासाहेबांना ते बघवेना. एवढा चारा वाया कसा जातो, हा त्यांचा रोजचा सवाल. शेवटी जयदीपने त्यांना गठ्ठ्यापाशी नेऊन प्लॅस्टिकची भोकं दाखवली. मोर वर चढतात, नखांनी फाडतात, हवा आत जाते. ज्वारी दुसरीकडे टाका आणि भोकांना चिकटपट्टी लावू, असं म्हणाला.

"पाच वेळा नापास झालेला माणूस मला अ‍ॅडमिनिस्ट्रेशन शिकवतोय," अण्णासाहेब त्याच्यादेखत मला म्हणाले. मी हसले. ते हसू मला अजून खुपतं, पण तेव्हा आलं खरं.

दुसऱ्या दिवशी नियम निघाला: दर पाटीमागे अभ्यासाचा एक तास कमी. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली अण्णासाहेबांच्या खिशात गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, पण हे त्यांना कोण सांगणार?

मे उजाडला आणि पाट्या एकदम बंद झाल्या. शिस्त लावली की सगळं जमतं, असं अण्णासाहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. एका सकाळी मी पाहिलं, जयदीप बुरशी चांगल्या मुरघासात कालवत होता. गव्हाणीत ओतताना तो गाईंकडे बघत नव्हता.

"काकू, सांगू नका. पंधराच दिवस राहिलेत," तो म्हणाला.

मी सांगितलं नाही. दया वगैरे काही नव्हती. सांगितलं असतं तर भोकांचा विषय निघाला असता आणि आठवडाभर बोलणी मीच खाल्ली असती.

परीक्षेच्या रविवारी सकाळी सहाला चांदी गाय गाभडली. आठवा महिना होता. वासरू मेलेलंच पडलं. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी गव्हाणीतला मूठभर चारा नाकाशी नेला, बुरशीचा वास ओळखला आणि विचारलं, "ये फफूंद किसने खिलाई?"

जयदीप इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता, प्रवेशपत्र हातात. त्याने मान खाली घातली. मग माझ्याकडे पाहिलं.

एक वाक्य पुरलं असतं. मी मिठाची गुळणी धरून उभी राहिले.

डॉक्टर गेल्यावर अण्णासाहेबांनी गाडीची किल्ली खिशात टाकली आणि फावडं जयदीपपुढे धरलं.

"आधी खड्डा. मग दिल्ली."

परीक्षाकेंद्राचं फाटक नऊला बंद होणार होतं आणि रविवारी आमच्या बाजूला शेअर ऑटो दहाच्या आत फिरकत नाही. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. त्याने शर्ट काढला, घडी घालून कुंपणावर ठेवला आणि खणायला लागला. मे महिन्यातली माती, दगडासारखी कडक. वासरू पुरून तो हात धुवायला आला तेव्हा साडेनऊ झाले होते.

"चल, सोडतो तुला," अण्णासाहेब म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द."

जयदीप पिशवी उचलून चालत गेला. शर्ट कुंपणावरच राहिला.

नवा माणूस मिळेपर्यंत गठ्ठे मी उघडते. प्लॅस्टिक वरून कापते, जाळी पसरून बघते, बुरशी खरवडते. दोन पाट्या निघतात. समोर मोर ज्वारी टिपत असतात. काल अण्णासाहेबांनी खुर्चीतूनच विचारलं, आज किती पाट्या वाया गेल्या.

"एकही नाही," मी म्हटलं आणि दोन्ही पाट्या गव्हाणीत ओतल्या.