चाकाच्या पोटातले मणी

आमच्या नंदनवन वस्तीत चाकं बॅलन्स करून देणारे दुकानवाले पुष्कळ आहेत, पण वजन सारखं कराले रिमवर शिशाचा एक तुकडा न चिकटवता मोटरसायकलचं चाक सरळ पळवून दाखवणारा मी, कृष्णकांत, एकटाच. घमेंडीनंच सांगून राहिलो. हवा भराच्या तोंडातून मी टायरमध्ये मोहरीहून बारीक काचेचे मणी सोडतो. चाक जोरात फिरलं की ते आपोआप हलक्या बाजूले जाऊन बसतात. बाहेरून काहीच दिसत नाई. गिऱ्हाईकानं विचारलं, काय केलं गा, तर मी म्हणतो, तुले चाक पाहिजे का शिकवणी? बाजूच्या दुकानवाल्यानं युक्ती चोरू नये म्हणून घरातही कोणाले सांगतलं नाई.

माझी पोरगी मयुरा बँकेत आहे. स्वतःच्या कमाईची मोटरसायकल घेतली तिनं. काळ्या रिमवर शिशाचे तुकडे पाहून नाक मुरडलं. म्हणे, बाबा, नवरीच्या गालावर बँडेज लावल्यावानी दिसते. मी ते तुकडे खरवडून काढले अन् दोन्ही चाकांत मणी सोडले. तिनं विचारलं तर म्हटलं, जादू केली, तू चालव.

मागच्या रविवारी ती आईले, म्हणजे माझ्या नीलाले, मागं बसवून रामटेकले गेली. जाताना काही झालं नाई. गडाखाली गाडी तीन तास उभी होती. वापस येताना मनसर सोडलं अन् पुढचं चाक थाडथाड उडाले लागलं. हँडल हातात राहीना. दोघीही डांबरावर.

फोन आला तेव्हा मी जेवून राहिलो होतो. ताट तसंच टाकून पळालो. नीलाचं खुब्याचं हाड मोडलं होतं, मयुराचा हात प्लास्टरमध्ये. अन् पोरगी एकच घोकून राहिली होती: माझाच हात सुटला, मीच आईले पाडलं. गाडी विकून टाका, मी पुन्हा हात लावत नाई.

मले काही पटेना. आठ वर्षांपासून चालवते पोरगी. दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोत घालून दुकानात आणली, पुढचा टायर उघडला. आत हिरवा चिकट लगदा होता, अन् त्यात माझे सगळे मणी एकाच जागी, चिक्कीवानी घट्ट. पंक्चरचं भोक आपोआप बुजवणारं लिक्विड. कोण्या गाढवानं टाकलं म्हणून बोंबलतच मी दवाखान्यात गेलो. मयुरा म्हणे, निघाच्या आधी मीच भरून घेतलं. तुमीच तर सगळ्यायले सांगता, लांब जाचं असंल तर लिक्विड भरल्याबिगर निघू नका.

हो, सांगतो ना. वीस वर्षांपासून सांगतो, रामराम म्हटल्यावानी, सवयीनं. मणी टाकाले लागलो तरी तोंडची सवय काही सुटली नाई. नीलाले पोरीनं नाई पाडलं, मी पाडलं. तिथंच, नर्सबाईसमोर, मी मयुराले सगळं सांगतलं. मणी काय, गाडी उभी राहिल्यावर ते लिक्विडमध्ये कसे गोठले, सगळं. लय लाज वाटली, पण सांगतलं.

मले वाटलं, आता ही मले फाडून खाईल. पण तिचं तोंड पांढरंफट्ट पडलं.

"बाबा, अजून किती गाड्यांत टाकले?"

देवाशप्पथ सांगतो, तोवर हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"अकरा," मी म्हटलं.

"त्यायले माहीत आहे?"

मी नाई म्हणून मान हलवली. तिनं चांगल्या हातानं माझा फोन उचलून माझ्यासमोर धरला.

पहिला नंबर मनीषनगरच्या सौरवचा लावला. मागच्याच आठवड्यात त्यानं चाकं करून नेली होती. रिंग वाजत राहिली, त्यानं काही उचलला नाई. त्यानं बायकोचाही नंबर देऊन ठेवला होता, तो लावला. काजलबाईनं लगेच उचलला. मी विचारलं, सौरव कुठं आहे? ती म्हणे, पहाटेच पचमढीले निघाले, गाडीनं, दोस्तासंगं. तिले वाटलं, मी चाकाचीच चौकशी करून राहिलो.

"तुमी काही काळजी करू नका, भाऊ," ती म्हणे. "तुमी सांगतल्याप्रमाणं लिक्विड भरूनच गेले ते."