बकरीला बोल लावू नका

त्या बकरीला सोडा हो, तिचं काय चुकलं! मी बंदूक बोलतेय, एका नळीची, पोलीस ठाण्याच्या मालखान्यातून. मी आपोआप उडाले असं घाटंजीजवळच्या आमच्या तांड्यात सगळे सांगतात. साफ खोटं. मी आजवर आपोआप काहीही केलेलं नाही.

प्रेमसिंगच्या वडिलांनी पिकाच्या राखणीसाठी परवाना काढून मला घेतलं. म्हातारा वावरातून निघताना बांधावरच काडतूस काढायचा आणि घरी मला पेटीत कुलपात ठेवायचा. पुढे परवाना प्रेमसिंगच्या नावावर झाला. त्याला कुठला एवढा धीर! "रानडुक्कर काय काडतूस भरेपर्यंत थांबते?" म्हणत तो मला भरलेलीच कोपऱ्यात उभी करायचा. माझा घोडाही ढिला झाला होता. त्याची बायको धनीबाई रोज बजावायची आणि तो हसायचा. मला त्या हसण्याची चीड यायची.

गेल्या दसऱ्याला त्याने मला वखर-विळ्यांशेजारी पाटावर, भिंतीला टेकवून पुजलं. कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. तेवढ्यात धनीबाईने विचारलं, "काडतूस काहाडलं का?"

त्याचा चेहरा पडला. पण त्यांच्या घरची रीत अशी, की पुजलेल्या हत्याराला सोनं वाटून येईपर्यंत हात लावायचा नाही. "आल्यावर काहाडतो," म्हणून तो आपट्याची पानं घेऊन निघून गेला.

दार उघडंच होतं. शेजारची बकरी झेंडू खायला आत शिरली. धनीबाई तिला हाकलायला धावली, तोवर बकरीने हार ओढला होता. मी आडवी पडले, घोडा आपटला, आणि छर्रे धनीबाईच्या पायात घुसले. ती किंचाळली, ते मी विसरणार नाही.

तांड्याचे नायक डोंगरसिंग तिच्या कानाशी म्हणाले, "वखराची धारदार पास लागली म्हून सांग. नाहीतं प्रेमसिंगवर केस होईन."

पुढचं मी ठाण्यात ऐकलं. दवाखान्यात फौजदार वर्षाताई आल्या. प्रेमसिंगने घाईघाईने वखराचं सांगितलं. धनीबाईने डोळे उघडले. "वखर नाही, बाई. बंदूक. यायनं भरून ठेवली होती, मी रोज सांगूनही."

शाबास, धनीबाई!

त्याच दुपारी घरी पंचांसमोर पंचनामा झाला. "लायसन हाये माह्याजवळ!" प्रेमसिंग ओरडला.

"बंदूक बाळगायचं आहे, काका. भरून उघड्यावर ठेवायचं नाही," वर्षाताई म्हणाल्या. त्यांनी माझा नंबर लिहून घेतला, रिकामं काडतूस वेगळं बांधलं, लाखेची मोहर केली आणि पावती त्याच्या हातात दिली. निघताना मला जराही वाईट वाटलं नाही.

आता प्रेमसिंगवर निष्काळजीपणाचा गुन्हा आहे. तरी मी परत मिळावी म्हणून त्याने अर्ज केला. कोर्टात त्याचे वकील म्हणाले, की अपघात बकरीमुळे झाला. न्यायाधीश साहेबांनी धनीबाईला विचारलं. ती काठी टेकत उभी राहिली.

"बकरी मुकी हाये, साहेब. मी नाही. बंदूक घरी आली तं मी माहेरी चालली. आमच्या दोघीतली एकच राहीन तिथं."

निकाल अजून लागायचा आहे. गंजायला कुठल्या लोखंडाला आवडतं? मलाही नाही. पण साहेब, मला सोडू नका. धनीबाई, तू तुझ्या घरी राहा. मी इथं गंजेन, पण त्या कोपऱ्यात पुन्हा उभी राहणार नाही.