सहावं मीटर

पाण्याच्या मीटरच्या काचेखालची लाल चकती फिरत होती... नखाएवढी, पण फिरत होती. तिने ओढणीने काच पुसली, पुन्हा वाकून पाहिलं. फिरतेच आहे. दाराला कुलूप, कुलपाला गंज—आणि हे कुलूप आई गेल्यावर तिनेच तर घातलेलं.

गल्लीत सहा घरं नांदती निघाली तर नवी पाइपलाइन, डागडुजी, नवी बिऱ्हाडं. नाही निघाली तर महिनाअखेर पाणी बंद, उरलेल्यांची उचलबांगडी. मीटर वाचून पाच घरं ती पाणीखात्याच्या फॉर्मवर लिहून बसली होती, सहावं हे आईचं. "मीटर खोटं बोलत नाही," ऑफिसातले साहेब म्हणायचे. वा रे साहेब!

समोरच्या ओट्यावर मावशी, पाचव्या घराची मालकीण, शांतपणे शेंगा सोलत होती. या कुलपाची दुसरी किल्ली तिच्याकडेच.

"मावशी, नळ तू सोडलास?"

"रोज सोडते. बादली भरली की मोरीत ओतते."

"कुणी तपासलं तर माझी नोकरी जाईल गं!"

"आणि तू शून्य लिहिलंस तर मी जाईन. या वयात कुठे नेऊन टाकणार मला?" मावशीने किल्ली पुढे केली. "जा, बंद कर. भरली असेल."

तिने किल्ली घेतली, कुलूप काढलं. तिला राग आला—मावशीचा, साहेबांचा, की... आत बादली भरून वाहत होती. नळ बंद कर गं, पाणी काय तुझ्या बापाचं आहे, आई ओरडायची. आणि पाणीखात्यातले बाबा आतून म्हणायचे, माझंच आहे, वाहू दे! तिला हसू फुटलं. गल्ली ओस पडली म्हणून मी गेले, असं मी सगळ्यांना सांगते... पण मी गेले तेव्हा तर अकरा घरं होती. नवव्या मजल्यावरच्या माझ्या फ्लॅटमध्ये जेवलीस का म्हणून विचारायलाही कुणी नाही.

तिने नळ बंद केला. घर एकदम गप्प झालं, ते तिला सोसवेना. पुन्हा सोडला, ओंजळ धरली, घटाघटा प्यायली.

फॉर्मवर एकच रकाना उरला होता—राहणाऱ्यांची संख्या. पेन टेकलं, उचललं. खोटं लिहायचं नव्हतं. शून्यही लिहवेना.

"मावशी," तिने आतूनच हाक मारली, "आईची गादी आहे का गं अजून?"

"आहे की. कशाला?"

तिने पेन पुन्हा त्या रकान्यावर टेकवलं. नळ चालूच होता.